ताई की तायी?

सुपारी कातरत मी दोघांच्या कविता ऐकल्या. लेकाची मराठीत, सून शाल्मलाची कन्नडमध्ये. दोन्ही माझ्यावरच.

"सरस कुणाची, आई?" लेकानं विचारलं.

"तुझ्यात चंद्र आहे, समई आहे. मी कुठं आहे रे?"

सून हसली. लग्नानंतरची दिवाळीही उलटली, तरी ही मला कुठल्याच नात्यानं हाक मारत नाही. नुसती समोर येऊन उभी राहते. तिच्या कवितेतले 'तुप्प' नि 'अडकोत्तु' मला कळले, आपल्याच तुपाचे नि अडकित्त्याचे भाऊबंद. कवितेच्या शेवटी मात्र हाक होती, "तायी."

"ताई? अगं, सासू आहे मी, तुझी थोरली बहीण नव्हे!"

"आई, कन्नडमध्ये तायी म्हणजे आई," लेक म्हणाला.

मी अडकित्ता खाली ठेवला. "शाल्मला, कागदावर मारलीस तशी स्वयंपाकघरातनं हाक मार बघू. मग सांगते, सरस कुणाची."