डोंगराचा जाब

ग्रामसभेने होकार दिल्याशिवाय डोंगर खणता येत नव्हता, म्हणून खाण कंपनीचा साहेब मोहाच्या झाडाखाली अख्ख्या गावासमोर उभा होता. तो खाणीचे फायदे सांगत होता आणि त्याच्या जीपचा ड्रायव्हर मंगरू ते माडियातून समजावत होता. बायकांत बसलेली जैनी मान वर करत नव्हती. पोटचा लेक मंगरूच डोंगर मागायला आला, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

“कोण कोण तयार आहे? हात वर करा,” साहेब म्हणाला. मंगरूने तेच माडियातून विचारलं. एकही हात हलला नाही.

“अरे, तू तरी कर! तूही याच गावचा ना?” साहेब त्याच्यावर खेकसला.

मंगरूने आईकडे पाहिलं. मग खिशातून जीपची किल्ली काढून साहेबाच्या हातावर ठेवली. “याच गावचा आहे, साहेब. आमचा देव त्या डोंगरावर राहतो, आमचं पाणी तिथून येतं. डोंगर मिळणार नाही.”

तो जाऊन गावकऱ्यांत बसला. नकाराचा ठराव एकमताने झाला आणि साहेब स्वतःच जीप हाकत परतला. ढोल कडाडले. गुडघेदुखी विसरून जैनी उठली आणि लेकाचा हात धरून नाचाच्या रिंगणात शिरली.