पुसलेली जागा

जंगलाच्या फाटकाला लागूनच आमचं घर. फाटकावरचा पायवाटांचा नकाशा मीच रंगवते. येणारा जो तो ‘तुम्ही इथे आहात’वर बोट ठेवतो, म्हणून तिथलाच रंग आधी उडतो. यंदा मात्र तो ठिपका जसाच्या तसा होता, आणि रंग उडाला होता जुन्या चुनाभट्टीचा.

“भट्टीकडे कोण मरायला जातंय? वाट कधीच बुजलीय,” वनरक्षकमामा म्हणाले. “तुला नसत्या चौकशा फार!”

मला कुठलं राहवतंय! झुडपं सारत मी भट्टीपाशी पोचले. तिथेही एक जुना नकाशा होता, धुळीने माखलेला. त्यावर बोटाने एकच जागा पुसली होती.

आमचं घर. आई आत एकटीच झोपली होती.

नकाशावरून धूळ अजून खाली झरत होती.