टाकीतली नीळ

सेवकरामने कमोडच्या टाकीचं झाकण तिसऱ्यांदा बसवलं आणि पँटला हात पुसले.

"वॉशर नवा टाकला, बॉल नवा टाकला. आता गळाले काही राहिलंच नाही, मॅडम."

"मंग पाणी जाते कोठी?" निर्मलाबाईंनी अंगणातून विचारलं. संडासाच्या उंबऱ्यापलीकडे त्या येत नसत. "सकाळी स्लॅबवरची टाकी भरतो, दुपारी कोरडी. शिकलेल्या बाईले एका लोट्यात भागत नसन."

रुपाने सेवकरामच्या हातावर पैसे ठेवले. दिघोरीत सून म्हणून येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. उत्तर दिलं की भांडण संध्याकाळपर्यंत पुरतं, हे तिला कळलं होतं.

सेवकराम गेला तसं निर्मलाबाईंनी पोतं अंथरलं आणि भिंतीला टेकून बसल्या. रुपाच्या माहेरून आलेल्या गादीवर बसणं त्यांनी पोळ्यापासून सोडलं होतं. देवघरातली दिवाबत्तीही तेव्हापासूनच सोडलेली. "ज्या घरात माह्या शब्दाले किंमत नाही, तेथचा देव मी कायले पुजू?" असं त्यांनी मुलाला, प्रवीणला, ऐकवलं होतं. आपली लुगडी त्या पहाटेच धुवायच्या आणि मागच्या कुंपणावर वाळत घालायच्या. एकदा पाऊस आला म्हणून रुपाने ती ओढून आणली, तर दोन दिवस अबोला.

"येत्या सोमवारपासून संडासाले कुलूप लावून राहिलो मी," निर्मलाबाई म्हणाल्या. "चाबी माह्या कमरेले."

"मग मी कुठं जाऊ, आई?"

"जेथ मी जातो तेथ. बांधावर. माह्या पायाले काटे नाही लागत, तुह्याच पायाले लागतीन का व?"

लग्न ठरताना रुपाने एकच अट घातली होती. घरात संडास हवा. तो बांधून झाला तेव्हा निर्मलाबाईंनी गावभर सांगितलं होतं, मी मेली तरी त्यात पाय ठेवणार नाही. रोज सकाळी त्या स्टीलचा तांब्या घेऊन शेताकडे निघत, आणि वाटेत भेटेल त्याला सुनेच्या थाटाची गोष्ट सांगत.

"कुलूप लागलं तर मी माहेरी, पवनीला जाईन," रुपा म्हणाली. "आणि परत येणार नाही."

"बॅग मी भरून देऊ का?"

रुपा शाळेत विज्ञान शिकवायची. शुक्रवारी संध्याकाळी तिने स्लॅबवरच्या टाकीतल्या पाण्याच्या आठवडाभराच्या नोंदी पुढे घेतल्या. रात्री टाकीतली पातळी हलत नव्हती. पाणी जायचं ते दिवसा, ती शाळेत असताना. वरची टाकी सकाळी भरलेली असते, तेव्हा दाब जास्त. म्हणजे कमोडच्या टाकीतला तरंगता बॉल पाणी अडवत नसेल आणि जादा पाणी आतल्या नळीतून वाहून जात असेल. नाहीतर तळाचं वॉशर. दोन्हींपैकी कोणतं, हे एका प्रयोगात कळणार होतं.

शनिवारी सकाळची शाळा. प्रवीण दुकानाचा माल आणायला आदल्या दिवशीच नागपूरला गेला होता. साडेसहाला रुपाने कमोडच्या टाकीत येणाऱ्या पाण्याचा भिंतीतला छोटा नळ घट्ट बंद केला. पातळीवर पेन्सिलीने रेघ ओढली. मग कपड्यांची नीळ टाकीत ओतली. पाणी रेघेवरच राहिलं तर दोष बॉलचा. पाणी उतरलं आणि भांड्यात निळं आलं तर वॉशरचा.

"मी येईपर्यंत कोणी वापरू नका," तिने सांगितलं.

"मी कवा वापरतो?" निर्मलाबाई पोत्यावरूनच म्हणाल्या. उठल्या नाहीत. "तुहे खेळ तूच खेळ."

साडेअकराला रुपा परतली तेव्हा संडासाच्या दाराला कुलूप होतं. त्या दारालाच पाठ लावून निर्मलाबाई बसल्या होत्या.

"आज शनिवार आहे, आई."

"मले वार नको शिकवू. पाणी काहून बंद केलं तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

निर्मलाबाईंनी पदर पोटाशी ओढून घेतला. "माह्या घरातलं मले नाही कळणार? पहिले पाणी चालू कर."

"नळ आतच आहे. दार उघडा."

"नाही उघडत. वरून कर काही तरी. मोटर लाव."

"मोटर लावून तिथं पाणी येणार नाही. चाबी द्या."

"तू जाऊन राहिली होती ना पवनीले? जा ना मंग. आत्ताच जा."

दीड वर्षात रुपा पहिल्यांदा वाकली आणि सासूच्या कमरेला हात घातला. लुगडं ओलं होतं. नुकतंच धुतलेलं, न पिळता नेसलेलं. निर्मलाबाईंनी तिचं मनगट धरलं. घमेलाभर शेण एका हाताने उचलणारी बाई, पण त्या पकडीत काही जोर नव्हता. चाबी सहज निघाली.

"नको जाऊ व," निर्मलाबाई म्हणाल्या. हा आवाज रुपाने कधी ऐकला नव्हता. पण ती ऐकायच्या पलीकडे गेली होती.

तिने दार ढकललं. कोपऱ्यात स्टीलचा तांब्या आडवा पडला होता, रिकामा. तिने टाकीचं झाकण उचललं. भिंतीतला नळ सकाळी केला तसाच बंद. रेघ कोरडी, आणि रेघेखाली तळापर्यंत थेंब नव्हता.

वॉशर. सुटलं कोडं. आता भांड्यातलं निळं पाणी दाखवायचं, सेवकरामला बोलवायचं, आणि या बाईचं तोंड कायमचं बंद करायचं.

"या, आई," ती मागे न बघता म्हणाली. "बघा तुमच्या डोळ्यांनी," आणि तिने भांड्यात पाहिलं.

पाणी लाल होतं.