फाटकाचा आवाज

रोगाच्या साथीसाठीची सरकारी मदत मिळालेल्या प्रत्येक शेताच्या फाटकाने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलून सांगायची, असा कायदा झाला होता. जरबेरा फुलांच्या शेडच्या फाटकावर हे बोलणारं यंत्र बसवणाऱ्याला मोहिनी काकुळतीने म्हणाली, "दादा, आवाज बंद ठेवा. आबांना, माझ्या सासऱ्यांना, दिसत नाही. आमचे हे अजून दवाखान्यातच आहेत, असं सांगितलंय त्यांना."

"तो बंद होत नाही, ताई," तो मान खाली घालून म्हणाला.

तेवढ्यात आबा काठी टेकत आले. फाटक स्वच्छ आवाजात बोललं, "मदत मंजूर. कारण, शेतकरी दिगंबर कोंडे यांचा साथीत मृत्यू."

 आबांनी चाचपडत सुनेचा हात शोधला.

"इतके दिवस एकटीच रडत होतीस होय, पोरी?"

मोहिनीने पहिल्यांदाच हंबरडा फोडला.