एकच मेल

“मेल केली होती,” म्हातारा म्हणाला. “दर रविवारी करतो.”

“बाबा, मला एकच आलीय.” मुलीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “‘पोचलो, काळजी नको.’ त्यानंतर काहीच नाही.”

दादा खिडकीला टेकून उभा होता. बाबांना एकटं राहू द्यायचं नाही, हे घर बंद करून त्यांना आपल्याकडे न्यायचं, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. न केलेल्या गोष्टी केल्या म्हणतात, तूच येऊन बघ, म्हणून बहिणीला बोलावलं होतं.

“आता पटलं?” त्याने तिला विचारलं. बाप समोर बसलेला असताना. माणूस म्हातारा झाला की त्याच्यासमोर त्याच्याबद्दल असंच बोलतात, मोडक्या खुर्चीचं काय करायचं ते ठरवावं तसं.

“डोकं फिरलंय म्हण ना सरळ.” म्हातारा उठून आपल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला. “तुमच्यासमोर करतो.”

दोन बोटांनी त्याने लिहिलं: ठमे, तुझा भाऊ मला वेडा ठरवायला निघालाय. पाठवली.

तिघं लॅपटॉपकडे बघत राहिले. काही आलं नाही.

“नेट स्लो असेल,” ती म्हणाली.

“नेट धावतंय,” दादा म्हणाला.

म्हातारा स्वतःच्या बोटांकडे बघत बसला. “मग नसेल केली,” तो म्हणाला. “वाटलं असेल मला.”

भांडला असता तर बरं झालं असतं.

“परत करा बाबा. सावकाश.”

त्याने ‘पोचलो’वाली जुनी मेल उघडली. ‘पुन्हा पाठवा’ दाबलं. आतला मजकूर पुसला आणि तिथेच नवं लिहायला लागला.

“नवीन का नाही उघडत?”

“नवीनमध्ये तुझा पत्ता टाकावा लागतो. चुकतो माझा. यात आयता आहे.”

तिच्या लक्षात आलं. प्रत्येक मेलला पाठवणाऱ्याचा कॉम्प्युटर एक ओळख क्रमांक लावतो. हा जुनाट डबा ‘पुन्हा पाठवा’ला जुनाच क्रमांक लावत होता. आणि मेल बघायचं जे सॉफ्टवेअर ती वापरत होती, ते तिच्याच कंपनीचं होतं आणि त्यातला नियम तिने स्वतः लिहिला होता: क्रमांक तोच असेल तर मेल तीच, पहिली दाखवा, बाकीच्या सोडा. आत काय लिहिलंय ते उघडून बघायची तसदी नियमाने घेतली नव्हती. तिनेही नाही. ऑफिसात या नियमाबद्दल तिची पाठ थोपटली होती.

तिने तो नियम काढला आणि सॉफ्टवेअरला सगळ्या मेल नव्याने वाचायला लावल्या. मेल कुठे गेल्या नव्हत्या, सर्व्हरवर पडून होत्या. पडदा भरत गेला. गुडघा. गळका नळ. शेजारणीच्या कुत्रीला पिल्लं झाली. ठमे, रागावलीस का. ठमे, बिझी असशील. ठमे, उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

“बाबा, तुम्ही केल्या होत्या. चूक माझी होती.”

“मग मघाशी ते नाही कसं म्हणाले?” दादाने विचारलं. “केल्या असत्या तर आठवलं नसतं?”

तिने लॅपटॉप बापापुढे सरकवला.

म्हाताऱ्याने चष्मा चढवला. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एकेक मेल वाचू लागला, ओठ हलवत, घाई न करता.

“चांगला माणूस दिसतोय,” तो शेवटी म्हणाला. “एवढं लिहितो. उत्तर का देत नाहीस त्याला?”

दादाने बहिणीकडे पाहिलं. ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. टोमणा असता तर ओठाचा कोपरा जरासा तरी हलला असता.

म्हाताऱ्याने पुढची मेल उघडली.