नंदिनीच्या नावाचा कप्पा

"हात लावू नकोस," जयप्रकाशराव म्हणाले. त्यांची मुलगी नंदिनी खोलीच्या दाराबाहेर उभी होती आणि तिचे हात पाठीमागे होते, तरी म्हणाले. कॉम्प्युटरचं पोट उघडं होतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या मेमरीच्या चिप्स त्यात एकेक करून बसवणं चाललं होतं, आणि अशा वेळी मुलांचा श्वाससुद्धा मशीनला बाधतो, असं त्यांचं ठाम मत होतं. वाशीच्या खाडीची खारी हवा बाधते, चपला बाधतात, फोडणीचा वास तर फारच बाधतो. त्यांचा स्वतःचा चहाचा कप मात्र मॉनिटरवर ठेवलेला चालत असे.

साल एकोणनव्वद. आख्ख्या सेक्टरात घरी कॉम्प्युटर असलेला हा एकच फ्लॅट. मशीन आणलं तेव्हा सोसायटीत पेढे वाटले होते आणि "मुलीच्या शिक्षणासाठी घेतलाय" असं ज्याला त्याला सांगितलं होतं. मुलगी आता सातवीत गेली होती आणि तिचं शिक्षण अजून उंबऱ्याबाहेरूनच चाललं होतं.

"नंदिनीचे बाबा, मी मार्केटला जाऊन येते," त्यांची बायको सुचित्रा बाहेरून म्हणाली. एपीएमसीत जायचं, शेजारणींबरोबर कांद्याचं पोतं वाटून घ्यायचं, असा तिचा रविवार.

"ये, ये," जयप्रकाशराव मान वर न करता म्हणाले. ते आधीच चिंतेत होते. उद्या साहेबांना अहवाल द्यायचा होता. ऑफिसात नवा कॉम्प्युटर विभाग निघणार होता आणि ज्याचा अहवाल पसंत पडेल तोच विभागप्रमुख होणार होता. हा अहवाल जयप्रकाशरावांनी दोन महिने खोलीत येरझाऱ्या घालत तोंडी सांगितला आणि सुचित्राने टाइप केला. लग्नाआधी ती फोर्टात टायपिस्ट होती. कीबोर्ड बडवणं म्हणजे काही कॉम्प्युटर चालवणं नव्हे, अशी त्यांची व्याख्या असल्यामुळे तिला तेवढी परवानगी होती. एकदा तिने अहवालाची प्रत काढून ठेवायला फ्लॉपी मागितली. "हार्ड डिस्कवर आहे ना? टेन्शन कसलं घेतेस?" असं म्हणून त्यांनी ती फ्लॉपी मित्राकडचा विमानाचा गेम उतरवून आणायला नेली. अहवालातलं शेवटचं प्रकरण 'माहितीची सुरक्षितता' हे होतं. ते फार छान उतरलं होतं.

चिप्स बसल्या. मशीन सुरू झालं. आता मशीन ज्याच्यावर चालतं ते डॉस नवं चढवायचं, तर मशीनने कळवलं की हार्ड डिस्कवर जागा नाही.

"साफसफाई केली पाहिजे," जयप्रकाशराव म्हणाले. हा शब्द त्या घरात त्यांनी स्वतःच्या बाबतीत पहिल्यांदाच वापरला.

पडद्यावर फायलींचा एकेक कप्पा दिसू लागला. डॉसमध्ये कप्प्याचं नाव आठच इंग्रजी अक्षरांत बसवावं लागतं, म्हणून त्यांचं स्वतःचं नाव शेपूट तोडून तिथे बसलं होतं. त्या कप्प्यात गेम होते. विमानाचा, मोटारींचा, बुद्धिबळाचा. ते काढायचा प्रश्नच नव्हता. त्याच्याखाली आणखी एक कप्पा होता आणि त्याचं नाव होतं नंदिनी.

ते सावकाश वळले. "तू मशीन वापरलंस?"

"नाही बाबा."

"मग हा तुझ्या नावाचा कप्पा आपोआप उगवला?"

"मला नाही माहीत. मी आत पण नाही आले कधी."

हे खरं होतं, आणि त्याची खात्री घरात सगळ्यांत जास्त जयप्रकाशरावांनाच असायला हवी होती. पण चोर सापडल्याचा आनंद माणसाला हिशेब करू देत नाही. कविता, कोडी, मैत्रिणींचे वाढदिवस. पोरीने दुसरं काय भरलं असणार? त्यांनी कप्पा उघडलाही नाही. पोरकटपणा वाचत बसायला त्यांना वेळ नव्हता. तो सबंध पुसून टाकला, मोकळ्या झालेल्या जागेवर नवं डॉस चढवलं आणि परीक्षेपर्यंत टीव्ही बंद अशी शिक्षा फर्मावली.

नंदिनी रडली नाही. "त्यात काय होतं, बाबा?" एवढंच तिने विचारलं. याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही हे जयप्रकाशरावांच्या लक्षातही आलं नाही. वाईट वाटतं ते याचंच.

सुचित्रा परतली तेव्हा स्वारी खुशीत होती. "ये, बघ कसं पळतंय! अहवाल काढ, फ्लॉपीवर घेतो."

ती हात धुऊन, पुसून, मशीनसमोर बसली. थोडा वेळ शोधत राहिली.

"अहो, नंदिनीचा कप्पा कुठाय?"

"पुसला. आणि तिलाही चांगलं बजावलंय, पुन्हा जर..."

"अहवाल त्यात होता."

जयप्रकाशराव पडद्याकडे वाकले. "माझा अहवाल? तिच्या नावाखाली?"

सुचित्राच्या माहेरी, राजापूरकडे, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं की संपलं. इतकी वर्षं ती त्यांना 'नंदिनीचे बाबा' म्हणूनच हाक मारत आली होती आणि ते त्या हाकेला रोज ओ देत आले होते.

"मशीनने नाव विचारलं," ती म्हणाली. "तुमचं कसं टाकणार? हाक मारते तेच टाकायला गेले. 'चे बाबा' बसलं नाही."

"पण मला काय माहीत! मला वाटलं, पोरीचं काहीतरी असेल."

सुचित्राने त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. नंदिनी अजून उंबऱ्याबाहेरच उभी होती.

"पोरीचं वाटलं होतं," ती म्हणाली, "तर निदान एकदा उघडून बघायचंत."