कपापासून दोन बोटं

सुनेत्राचा उजवा हात भाजला होता, म्हणून लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच यशोधनने चहा ओतला. किटली त्याने सराईतासारखी उंच धरली आणि सगळी धार कपाशेजारी, दोन बोटं अलीकडे, टेबलावर पडली.

"अगं, आपलं अवकाशनगर आज जोरात फिरतंय की काय!" तो हसला.

"मिनिटाला दोनच फेरे. आत, मधल्या आसाजवळ दोन आणि इथे कडेलाही दोनच," ती म्हणाली.

तिचं माहेर आसाजवळच्या मजल्यावर होतं. फेरे तेवढेच, पण तिथलं वर्तुळ लहान, म्हणून पडणारी धार जास्त वाकते; इथे कडेला ती जवळजवळ सरळ पडते. तिथली माणसं किटली कपापासून दोन बोटं बाजूला धरतात, मग चहा बरोबर कपात पडतो. ही सवय हाताला लागायला वर्ष जातं.

यशोधनचं ऑफिस मात्र इथेच, कडेला होतं. ज्या हाताने तिला कधी साधा कप दिला नाही, तो तिकडे आसाजवळ रोज कुणाला तरी चहा ओतून देत होता.

डाव्या हाताने टेबल पुसता पुसता तिने विचारलं, "तिला साखर किती लागते हो?"